पाकिटावर छापलेले वजन आणि पाकिटातले वजन: किती तूट मान्य, किती नाही?

जिज्ञासू ग्राहक

सुपरमार्केटमधून घेतलेल्या बंद पाकिटांवर ‘निव्वळ वजन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो प्रत्येक पाकिटाला काटेकोरपणे लागू असतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. गेले काही महिने मी स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर पाकिटांतील माल वेष्टनाशिवाय तोलून पाहत आहे. बहुतेक पाकिटे छापील वजनाच्या आसपास किंवा किंचित जास्त भरली. परंतु काहींमध्ये तूट आढळली आणि तिचे नेमके काय करावे हे मला ठरवता येत नाही.

उदाहरणे देतो. ५०० ग्रॅमच्या एका धान्याच्या पाकिटात ४९१ ग्रॅम माल होता. २०० ग्रॅमच्या बिस्किटांच्या पुड्यात १९७ ग्रॅम भरले. एक किलो पिठाच्या पिशवीत ९८१ ग्रॅम निघाले. गोठवलेल्या कोळंबीचे ५०० ग्रॅमचे पाकीट वितळल्यावर जेमतेम ४१० ग्रॅम उरले. खारवलेल्या पाण्यातील भाजीच्या डब्यावर ४०० ग्रॅम हा आकडा मोठ्या अक्षरांत होता, पण पाणी काढून टाकल्यावर हाती आलेला माल त्याहून पुष्कळच कमी होता.

माझे दोन प्रश्न आहेत. कायद्याच्या दृष्टीने एखाद्या पाकिटातील तूट किती होईपर्यंत क्षम्य मानली जाते? आणि वरील पाच प्रकरणांपैकी कोणत्या बाबतीत तक्रार करण्यास खरोखर आधार आहे?

मापन निरीक्षक (निवृत्त)

आपण आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण ‘पाकीट हलके वाटते’ एवढ्यावर काहीच सांगता येत नाही.

प्रथम तत्त्व. जगातील बहुसंख्य देशांत छापील वजन हे प्रत्येक पाकिटाचे किमान वजन मानले जात नाही. एकाच वेळी भरलेल्या पाकिटांच्या संपूर्ण समूहाची सरासरी छापील आकड्यापेक्षा कमी असता कामा नये, आणि त्या समूहातील कोणतेही एक पाकीट ठरावीक मर्यादेपलीकडे हलके असता कामा नये, असे दुहेरी बंधन भरणाऱ्यावर असते. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची, म्हणजे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओआयएमएल’ची, ‘आर ८७’ ही शिफारस याच तत्त्वावर उभी आहे. युरोपातील १९७६ चा ७६/२११ क्रमांकाचा निर्देशही तेच सांगतो. अमेरिकेत निरीक्षक ‘हँडबुक १३३’ वापरतात; तेथील मर्यादांचे आकडे वेगळे आहेत, पण सरासरी आणि एकेका पाकिटाची मर्यादा ही रचना तीच आहे.

‘आर ८७’ मधील मान्य तूट छापील वजनानुसार बदलते. ५० ग्रॅमपर्यंत ९ टक्के, ५० ते १०० ग्रॅमपर्यंत सरसकट ४.५ ग्रॅम, १०० ते २०० ग्रॅमपर्यंत ४.५ टक्के, २०० ते ३०० ग्रॅमपर्यंत ९ ग्रॅम, ३०० ते ५०० ग्रॅमपर्यंत ३ टक्के, ५०० ग्रॅम ते एक किलोपर्यंत १५ ग्रॅम आणि एक किलो ते दहा किलोपर्यंत १.५ टक्के. टक्केवारी आणि सरसकट ग्रॅम आलटून पालटून का येतात, असे अनेकजण विचारतात. त्याचे कारण साधे आहे: दोन टप्प्यांच्या सीमेवर मर्यादा एकदम उडी मारू नये. १०० ग्रॅमचे साडेचार टक्के म्हणजे साडेचार ग्रॅमच होतात आणि ५०० ग्रॅमचे तीन टक्के म्हणजे १५ ग्रॅम.

या मर्यादेहूनही जास्त तूट असलेली पाकिटे समूहात अडीच टक्क्यांपर्यंत चालतात. मात्र मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त तूट असलेले एकही पाकीट विक्रीस येता कामा नये. म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटात ४८५ ग्रॅम ही पहिली रेषा आणि ४७० ग्रॅम ही शेवटची रेषा.

आता आपली प्रकरणे पाहू. धान्याचे ४९१ ग्रॅम आणि बिस्किटांचे १९७ ग्रॅम हे दोन्ही मर्यादेच्या आत आहेत. त्या एकेका पाकिटावरून काहीही सिद्ध होत नाही. पिठाची पिशवी वेगळी आहे. तिथे मान्य तूट १५ ग्रॅम आणि आपली तूट १९ ग्रॅम आहे, म्हणजे ती पहिली रेषा ओलांडून दुसऱ्या रेषेच्या आत, ९७० ग्रॅमच्या वर, थांबते. समूहात अशी पाकिटे थोडीच असायला हवीत. त्यातले एक योगायोगाने आपल्या वाट्याला आले, की सगळाच समूह हलका आहे, हे एका पिशवीवरून कळणार नाही.

निरीक्षकही म्हणूनच एका पाकिटावर निर्णय देत नाही. वेष्टन फोडून तपासणी करायची असेल तेव्हा युरोपीय निर्देशानुसार २० पाकिटांचा नमुना घेतला जातो. त्यात मर्यादेबाहेरचे एकच पाकीट आढळले तर समूह त्या कसोटीत उतरतो, दोन आढळली तर नाकारला जातो. सरासरीची कसोटी त्याशिवाय स्वतंत्रपणे लावली जाते.

भरणीयंत्र

मी अन्नप्रक्रिया कारखान्यात पाकिटे भरण्याच्या विभागात काम करतो. वरील नियम कारखान्यात प्रत्यक्षात कसे उतरतात ते सांगतो, कारण तूट नेमकी कुठून येते हे त्यातून स्पष्ट होते.

कोणतेही यंत्र प्रत्येक पाकिटात तंतोतंत तेवढेच वजन भरू शकत नाही. साखरेसारखा बारीक, एकसारखा दाणा असेल तर फरक लहान राहतो. मोठ्या तुकड्यांचा माल असेल तर शेवटचा एक तुकडा पडला की नाही, यावरच कित्येक ग्रॅम इकडचे तिकडे होतात. अशा मालासाठी आज सर्वत्र अनेक कप्प्यांचे वजनयंत्र वापरतात. जपानमधील इशिदा कंपनीने १९७२ मध्ये ते प्रथम तयार केले, आणि ज्या मालासाठी ते घडवले गेले ती होती ढोबळी मिरची, जिचे दोन नग कधीच सारख्या वजनाचे नसतात. यंत्राच्या प्रत्येक कप्प्यात थोडाथोडा माल पडतो, तो स्वतंत्रपणे तोलला जातो, आणि कोणत्या कप्प्यांची बेरीज अपेक्षित वजनाच्या सर्वांत जवळ, पण त्याहून कमी नाही, हे संगणक शोधतो. केवळ १० कप्पे असले तरी त्यांची निवड १,०२३ प्रकारे करता येते. इतक्या पर्यायांतून एखादा अगदी जवळचा सापडतोच, आणि माझ्या मते या क्षेत्रात याहून सुंदर कल्पना दुसरी नाही.

आता हिशेब. समजा, ५०० ग्रॅमच्या पाकिटासाठी यंत्राचे प्रमाण विचलन, म्हणजे भरलेल्या वजनांचा सरासरीभोवतीचा पसारा, ५ ग्रॅम आहे आणि सरासरी बरोबर ५०० वर ठेवली आहे. मग ४८५ च्या खाली जाणारी पाकिटे हजारात एखाद-दुसरीच असतील, आणि तरीही निम्मी पाकिटे ५०० च्या खालीच असतील. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. प्रश्नकर्त्यांना मिळालेले ४९१ ग्रॅमचे पाकीट अशा समूहात मुळीच दुर्मीळ नसते.

यंत्र ढोबळ असेल तर मात्र चित्र पालटते. प्रमाण विचलन ८ ग्रॅम असेल, तर ४८५ च्या खाली अडीच टक्क्यांहून जास्त पाकिटे जाऊ नयेत म्हणून सरासरी ५००.७ ग्रॅमपर्यंत उचलावी लागते. विचलन १२ ग्रॅम असेल आणि ४७० च्या खाली दहा हजारांत एकापेक्षा जास्त पाकीट जाऊ नये असे ठरवले, तर सरासरी सुमारे ५१४.६ ग्रॅम ठेवावी लागते. म्हणजे जुन्या यंत्राचा मालक दर पाकिटामागे सुमारे १५ ग्रॅम माल फुकट देतो, आणि दहा लाख पाकिटांमागे हे १४,६०० किलो होतात. चांगले यंत्र घेण्यामागची खरी प्रेरणा हीच असते. ग्राहकासाठी याचा अर्थ असा की यंत्रे जसजशी सुधारतात, तसतसे पाकीट छापील आकड्याच्या जवळ येते आणि पूर्वी सहज मिळणारे ‘वरचे’ चार घास कमी होतात. पाकिटे पूर्वीपेक्षा हलकी वाटण्याचे हे एक प्रामाणिक कारण आहे. वेष्टनावरचा आकडाच कमी छापून पाकीट लहान करणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात वजन खरे असते, पण जुना आकडा ग्राहकाच्या लक्षात नसतो.

भरल्यानंतर प्रत्येक पाकीट पट्ट्यावरून जाताना वजन तपासणाऱ्या दुसऱ्या यंत्रावरून जाते आणि ठरलेल्या रेषेखालचे पाकीट बाजूला ढकलले जाते. त्यामुळे पाकीट निम्मे रिकामे निघाले, तर त्या वेळी हे यंत्र बंद होते किंवा पाकीट नंतर फाटले, असाच तर्क करावा लागतो. यंत्र चालू असताना एवढी मोठी तूट सहसा सुटत नाही.

एक पाकीट घेणारी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु सरासरीच्या या तत्त्वावर माझा आक्षेप आहे आणि तो मला सविस्तर मांडायचा आहे.

कारखाना समूह विकतो, पण ग्राहक समूह विकत घेत नाही. तो एक पाकीट घेतो. ज्याला ५०९ ग्रॅम मिळाले त्याचा लाभ, ज्याला ४९१ ग्रॅम मिळाले त्याची भरपाई करत नाही, कारण ही दोन वेगळी कुटुंबे आहेत. शिवाय एखादे घर वर्षभर तोच माल घेत राहिले तर त्याच्यापुरती सरासरी साधली जाईल, असे म्हणायचे झाल्यास ती पाकिटे वेगवेगळ्या समूहांतून आली आहेत, असे आधी गृहीत धरावे लागते. एकाच खेपेत घेतलेली पाकिटे बहुधा एकाच तासाला, एकाच यंत्रावर भरलेली असतात.

हा आक्षेप केवळ माझा नाही. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने सरासरीची पद्धत आणण्यापूर्वी प्रत्येक पाकिटात किमान तेवढे वजन असलेच पाहिजे, हेच तत्त्व होते. सरासरीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद मला माहीत आहे: किमान वजनाची सक्ती केली तर कारखाना प्रत्येक पाकिटात जास्त माल भरेल आणि त्याची किंमत शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करेल. तो युक्तिवाद खोटा नाही. पण मग छापील आकडा ‘सरासरी वजन’ आहे, असे वेष्टनावर स्पष्टपणे लिहिण्यास कोणती अडचण आहे? युरोपात सरासरीच्या नियमांनुसार भरलेल्या पाकिटावर वजनाशेजारी ‘ई’ या रोमन अक्षराच्या आकाराची, किमान ३ मिलिमीटर उंचीची खूण असते. ज्याला नियम ठाऊक आहे त्यालाच ती कळते. ज्याच्या हिताचा प्रश्न आहे त्याला कळेल अशा शब्दांत माहिती देणे हे माझ्या दृष्टीने कायद्याचे पहिले कर्तव्य असायला हवे.

पिठाविषयी एक गोष्ट जोडते, कारण वर ती राहून गेली. पीठ हवेतील ओलाव्याप्रमाणे वजन कमी-जास्त करते. भरताना पिठात १४ टक्के ओलावा असेल, तर एक किलोत कोरडा अंश ८६० ग्रॅम असतो. साठवणुकीत ओलावा १२ टक्क्यांवर आला, तर तेच पीठ सुमारे ९७७ ग्रॅम भरते. एक कणही कमी न भरता २३ ग्रॅमची तूट दिसते. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘जोन्स विरुद्ध राथ पॅकिंग’ हा खटला गेला होता. कॅलिफोर्नियातील वजनमाप अधिकाऱ्याने पिठाच्या पिशव्या हलक्या म्हणून विक्रीतून काढण्याचे आदेश दिले होते. १९७७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की संघराज्याचा कायदा वाहतूक आणि साठवणुकीत ओलावा उडून होणारी वाजवी घट मान्य करतो, त्यामुळे ती घट न मानणारा राज्याचा नियम तेथे लागू करता येणार नाही. आज हँडबुक १३३ मध्ये पिठासाठी ३ टक्क्यांची ओलाव्याची सवलत आहे. तेव्हा प्रश्नकर्त्यांच्या ९८१ ग्रॅमबद्दल भरणाऱ्याला दोष देण्यापूर्वी पीठ किती जुने होते आणि कागदी पिशवीत होते की हवाबंद वेष्टनात, हे पाहावे लागेल. मी सरासरीच्या तत्त्वावर टीका करत असले तरी इथे निर्णय घाईने देता येणार नाही.

मापन निरीक्षक (निवृत्त)

ओलाव्याचा मुद्दा योग्यच आहे. सरासरीविषयीचा आक्षेपही मी नाकारत नाही. वेष्टनावर साध्या शब्दांत लिहावे, ही मागणी मला पटते.

आता कोळंबी आणि डबा, कारण माझ्या अनुभवात ग्राहकाचे मोठे नुकसान या दोन प्रकारांतच होते. धान्याच्या पाकिटात दोन टक्के जातात. इथे वीस टक्के जाऊ शकतात.

गोठवलेले मासे आणि कोळंबी सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर गोठवलेला असतो. तो थर ठेवण्यात गैर काही नाही, मालाचे त्याने रक्षणच होते. परंतु त्या बर्फाचे वजन निव्वळ वजनात धरता येत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमात हे स्पष्ट आहे आणि गोठवलेल्या कोळंबीच्या ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही तसेच आहे. म्हणून वेष्टनावर ५०० ग्रॅम असतील तर ते बर्फाचा थर वगळून असले पाहिजेत. मात्र पूर्ण वितळवून केलेले वजन पुराव्याच्या उपयोगाचे नाही. वितळताना मालाच्या आतले पाणीही झिरपते, आणि ते पाणी मालाचाच भाग असते. तपासणीत गोठलेल्या मालावर थंड पाण्याचा हलका फवारा मारतात, वरचा बर्फ गेला पण आतला माल अजून कडक आहे अशा क्षणी थांबतात, पाणी निथळू देतात आणि लगेच तोलतात. आपल्या ९० ग्रॅमच्या तुटीत बर्फ किती आणि झिरपलेले पाणी किती, हे आता वेगळे करता येणार नाही. त्याच मालाचे दुसरे पाकीट या रीतीने तोलून पाहावे. तरीही चाळीस-पन्नास ग्रॅमची तूट राहिली, तर आपल्या पाचही प्रकरणांत सर्वांत भक्कम तक्रार हीच ठरेल, कारण ५०० ग्रॅमच्या पाकिटात ३० ग्रॅम हीच शेवटची रेषा आहे.

डब्याच्या बाबतीत वेष्टन पुन्हा वाचावे. द्रवात ठेवलेल्या घन पदार्थासाठी अनेक देशांत दोन आकडे छापावे लागतात: द्रवासह निव्वळ वजन आणि निथळलेले वजन. दुसरा आकडा बहुधा लहान अक्षरांत असतो, पण तुलना त्याच्याशी करायची. रिकामी चाळणी आधी तोलावी, डबा तिच्यात ओतावा, चाळणी थोडी तिरकी, सुमारे २० अंशांत, धरून दोन मिनिटे थांबावे आणि मग तोलावे. दोन मिनिटे ही प्रमाणित पद्धतीतलीच वेळ आहे. दहा मिनिटे निथळत ठेवले, तर आकडा आणखी उतरेल आणि तो भरणाऱ्यावर अन्याय होईल.

जिज्ञासू ग्राहक

सर्वांचा आभारी आहे. डब्यावर बाजूला निथळलेले वजन २४० ग्रॅम असे छापलेले आहे, त्यामुळे ते प्रकरण बहुतांशी मिटते. कोळंबीचे दुसरे पाकीट सांगितलेल्या रीतीने तोलून पाहीन. एक शंका उरते. माझा काटा एक ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो. मग तो एक ग्रॅमपर्यंत अचूक आहे असे मानता येईल का?

भरणीयंत्र

तसे मानता येणार नाही. काटा किती बारीक आकडा दाखवतो आणि तो किती अचूक आहे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाच किलो क्षमतेचा घरगुती काटा एक ग्रॅम दाखवत असला, तरी एक किलोच्या आसपास त्याची चूक काही ग्रॅम असू शकते.

घरगुती काट्यातील लोड सेल वस्तुमान थेट मोजत नाही, ती खाली पडणारा दाब मोजते, आणि तो दाब गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. विषुववृत्तावर गुरुत्वीय त्वरण सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. एका टोकाला जुळवलेला काटा दुसऱ्या टोकाला नेला, तर ५०० ग्रॅममागे अडीच ग्रॅमहून जास्त फरक पडतो. व्यापारी काटा जिथे वापरायचा तिथे पडताळून शिक्कामोर्तब होतो. घरगुती काटा कारखान्यात जुळवलेला असतो.

एक लिटर पाणी मोजून काटा तपासावा असे सुचवले जाते, पण घरातल्या मापपात्राची चूक काट्याच्या चुकीपेक्षा बहुधा मोठी असते. त्यापेक्षा एखादे न फोडलेले पाकीट शिक्का असलेल्या व्यापारी काट्यावर तोलावे, त्याच दिवशी घरी तोलावे आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवावा. ज्या वजनाची पाकिटे तपासायची आहेत, त्याच वजनाच्या आसपास ही तुलना करावी.

तोलतानाही काळजी घ्यावी. काटा कडक, सपाट जागी असावा. माल हळूहळू, चिमूटचिमूट टाकू नये, कारण काही काटे अतिशय लहान बदल शून्याचा चढउतार समजून पुसून टाकतात. बंद पाकीट आधी सगळे तोलावे, नंतर रिकामे आणि पुसलेले वेष्टन तोलून वजा करावे. त्यामुळे सांडलेला किंवा चिकटून राहिलेला माल हिशेबातून सुटत नाही. आतला ट्रे, प्रत्येक नगाचा कागद आणि ओलावा शोषणारी पुडी यांचे वजन निव्वळ वजनात येत नाही.

मापन निरीक्षक (निवृत्त)

यात एकच भर घालतो. तक्रार करायची असेल तर पाकीट फोडू नये. फोडलेल्या पाकिटातील माल घरी काढून घेतला नाही, हे कोणालाही दाखवून देता येत नाही. बंद पाकिटाचे एकूण वजन मात्र अधिकारी स्वतः करून पाहू शकतो आणि तशाच रिकाम्या वेष्टनाचे वजन वजा करू शकतो. समूह क्रमांक, भरल्याची तारीख, विकत घेतल्याची पावती आणि शक्य असेल तर त्याच समूहातील आणखी दोन-तीन बंद पाकिटे सोबत द्यावीत. एका पाकिटावर अधिकारी कारवाई करू शकत नसला, तरी समूह क्रमांक मिळाला की तो गोदामात किंवा कारखान्यात जाऊन त्याच समूहाचा पूर्ण नमुना उचलू शकतो, आणि तक्रारीचा खरा उपयोग तिथेच होतो.

धान्याच्या पाकिटांची नोंदही पुढे चालू ठेवावी, पण वेगवेगळ्या समूह क्रमांकांची पाकिटे निवडून. सरासरी खरोखर ५०० असेल, तर वेगवेगळ्या समूहांतली सलग आठ पाकिटे ५०० च्या खाली निघण्याची शक्यता २५६ मध्ये एक एवढीच असते. तशी आठ निघाली आणि काट्याची तुलना आधी करून ठेवलेली असली, तर प्रत्येक पाकीट १५ ग्रॅमच्या आत असले तरीही ती नोंद स्थानिक वजनमाप कार्यालयाकडे लेखी द्यावी.

एक पाकीट घेणारी

हे वाचून मी घरी वापरात असलेल्या मालाची समूह क्रमांकासह नोंद सुरू करत आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मालाचा प्रकार, छापील वजन, आढळलेले वजन, भरल्याची तारीख आणि काट्याचा तपासलेला फरक एवढ्या पाच गोष्टी इथे लिहाव्यात. उत्पादकाचे नाव तूर्त देऊ नये. वजन मर्यादेत भरलेल्या पाकिटांचीही नोंद मात्र आवर्जून करावी, नाहीतर केवळ हलकी पाकिटेच समोर येतील आणि सरासरी काढताच येणार नाही.